गजभियेंना कोपरा हवा होता

दोन मिनिटांचं मौन मी चाळीस सेकंदांत मोडलं. मोजून चाळीस, कारण घड्याळ माझ्याच हातात होतं. आमच्या कार्यालयातले निरोप समारंभ, सत्कार, शोकसभा या सगळ्यांचं सूत्रसंचालन गेली वीसेक वर्षं माझ्याकडे आहे. ते मला कुणी दिलेलं नाही, मीच घेतलेलं आहे. त्या दिवशीही नवा रायपूरच्या आमच्या हॉलमध्ये साठेक माणसं उभी होती. टेबलावर गजभियेंचा फोटो, त्याला झेंडूचा हार, आणि पहिल्या रांगेत त्यांची मुलगी प्रज्ञा. "अब हम सब दो मिनट का मौन रखेंगे," असं म्हणून मी डोळे मिटले. शांतता वाढत गेली तसं आता कुणीतरी बोललं पाहिजे असं फार वाटलं, आणि ते कुणीतरी नेहमीप्रमाणे मीच निघालो. "धन्यवाद, बैठ जाइए," मी म्हणालो. शोकसभेत धन्यवाद! माणसं गोंधळून एकमेकांकडे बघत बसली. बाहेर पडताना आवक-जावकचे साहू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भैया, आपने तो गजभिये जी को जाने के बाद भी दो मिनट चुप नहीं रहने दिया." ते हसत म्हणाले, डोळे मात्र ओले होते. मीही हसलो. पण परतीच्या बसमध्ये ते वाक्य माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटवर येऊन बसलं. गजभियेंना मी तेवीस-चोवीस वर्षं ओळखत होतो, आणि त्या सगळ्या वर्षांत बोलत मीच होतो. या माणसाला मी जन्मभर थकवत तर आलो नाही ना... हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला, तोही उत्तर द्यायला ते नसताना.

ते गेल्याला आता दीड महिना झाला. मंगळवारी सकाळी चहा घेऊन पेपर वाचता वाचता मान कलली, एवढंच. प्रज्ञाचा फोन आला, "अंकल, पापा चले गए." आमच्याकडच्या पुढच्या पिढीला मराठी समजते आणि ती हिंदीत उत्तर देते; पण त्या तीन शब्दांना कुठली भाषा आहे हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

आमची पहिली भेट झाली ती छत्तीसगढ राज्य नवं झालं तेव्हा. भोपाळहून खातं वेगळं होऊन रायपूरला आलं. पाणीपुरवठ्याचं खातं, पण आमच्या स्वतःच्या इमारतीत नळाला पाणी नव्हतं. बूढ़ापाऱ्यात, तलावाच्या मागच्या गल्लीत एक जुनी इमारत मिळाली होती. टेबलं यायची होती, खुर्च्या यायच्या होत्या, कपाटं यायची होती; आल्या होत्या फक्त फायली. लाल कापडात बांधलेले बस्ते ट्रकच्या ट्रक उतरत होते आणि आम्ही राजधानीचे कर्मचारी त्या बस्त्यांवरच बसून नव्या राज्याचा कारभार बघत होतो. मी दुर्गहून बदलून आलो होतो. गजभिये फायलींच्या ट्रकसोबत आले. म्हणजे खरोखरच ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून. बस्ते मोजून घेतले होते, मोजून द्यायचे होते, मधे कुणावर सोपवणं त्यांना पटेना. उंच, सावळे, माझ्याहून चार वर्षांनी मोठे, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. वडील रेल्वेत, घर डोंगरगडचं. साहेबांनी पाहिलं की हेही मराठी आणि मीही मराठी, तर दोघांना एकच खोली आणि पहिलं आलेलं एकच टेबल दिलं, समोरासमोर. मला कोण आनंद झाला! मी पहिल्या दिवशी त्यांना माझं सगळं सांगून टाकलं. मूळ गाव अमरावतीकडचं, लग्न कसं जमलं, कुंदा, म्हणजे माझी बायको, कशी आहे, दुर्गच्या साहेबांचा स्वभाव, मुतखड्याचं ऑपरेशन. पाच वाजता मी ताजातवाना होऊन घरी गेलो. कुंदाला म्हटलं, "चांगला माणूस भेटला ऑफिसात. लय मोकळा हाय."

तिसऱ्या दिवशी या मोकळ्या माणसाने साहेबांना अर्ज देऊन रेकॉर्ड रूम मागून घेतली.

रेकॉर्ड रूम ही आमच्याकडे शिक्षेची जागा समजली जाते. ज्याचं साहेबाशी वाजलं त्याला तिथे पाठवतात. हा माणूस स्वतः मागून गेला, म्हणजे एक तर वेडा किंवा घमंडी, असं आमचं ठरलं. त्यातून ते दुपारी आमच्यात जेवायला बसत नसत. आम्ही आठ-दहा जण दीड वाजता टेबलं जोडून डबे उघडायचो. कुणाची ठेठरी, कुणाचं तिखट वरण, कुणाची इडली. गजभिये आपला डबा घेऊन बस्त्यांच्या खोलीत जायचे, दार लोटायचे आणि अडीचला बाहेर यायचे. हे महिनाभर पाहिल्यावर माझ्या मनात दुसरंच आलं. हे बौद्ध, आम्ही बाकीचे वेगवेगळे, कुणी कधीकाळी जेवताना काही बोललं असेल, ते यांच्या मनात राहिलं असेल. मी अस्वस्थ झालो. घरी कुंदाला सांगितलं तर ती म्हणाली, "मले काहून सांगता? त्यायले विचारा." मग दुसऱ्या दिवशी मी माझा डबा घेऊन त्यांच्या खोलीत गेलो आणि समतेवर त्यांना पंधरा मिनिटांचं भाषण दिलं. आम्ही तसले नाही, आमच्या घरी सगळे येतात-जातात, तुम्ही मनात काही ठेवू नका, वगैरे. ते शांतपणे जेवत होते. भाषण संपल्यावर डब्याचं झाकण लावून म्हणाले, "ठोंबरे, तसं काही असतं ना, तर मी रोज तुमच्या मधोमध बसून जेवलो असतो."

"मंग?"

"इथं कोणी बोलत नाही."

मला हे अजिबात समजलं नाही. कोणी बोलत नाही हे मला तक्रारीसारखं ऐकू आलं, त्यांनी ते सुखासारखं सांगितलं होतं. थोड्या वेळाने ते पुढे म्हणाले, "पण विचारलं, हे बरं केलं तुमी. बाकीचे तर न विचारताच समजून बसले हायेत." त्यानंतर मी आठवड्यातून दोनदा तरी डबा घेऊन तिथेच जाऊ लागलो. आग्रहाने. आता आठवलं की अंगावर काटा येतो, पण तेव्हा मला वाटायचं, बिचारा एकटा जेवतो.

एकदा त्यांनी स्वतःहून डोंगरगडचं सांगितलं. रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्यांत नऊ माणसं. अभ्यासाला जागा नाही, म्हणून ते प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला, जिथे छप्पर संपतं, तिथल्या बाकावर जाऊन वाचायचे. मी म्हटलं, तिथे तर गाड्यांचा केवढा गोंगाट! ते म्हणाले, "गाडीचा आवाज थकवत नाही, ठोंबरे. गाडीले उत्तर द्या लागत नाही." मी हे वाक्य त्या काळात पुष्कळांना सांगून हशा मिळवला. त्याचा अर्थ मात्र दहा-बारा वर्षं माझ्या डोक्यात शिरला नाही.

दरम्यान राजधानी खरीखुरी राजधानी व्हायला लागली. तेलीबांध्याच्या पलीकडे, शेतं ओलांडून, नवा रायपूर उठलं. आमचं खातंही तिकडे जायचं ठरलं. बैठक व्यवस्थेसाठी समिती नेमली गेली आणि समिती म्हटली की मी असतोच. नवी इमारत म्हणजे एक प्रचंड हॉल, काचा, एसी, कमरेएवढे पार्टिशन. दार असलेली रेकॉर्ड रूम नाहीच. बस्ते सगळे तळघरात, वेगळ्या माणसाच्या ताब्यात. गजभियेंनी मला एकदाच, जिन्यात गाठून सांगितलं, "ठोंबरे, मले खिडकी नको, एसी नको. भिंतीचा एक कोपरा पाहा माह्यासाठी." मी "हव, हव" म्हटलं. आणि मग नकाशावर पेन्सिल चालवताना मला माझ्या मते फार सुंदर कल्पना सुचली. हा माणूस बारा वर्षं बस्त्यांत राहिला, आता नव्या शहरात तरी याला माणसांत आणू. मी त्यांचं टेबल हॉलच्या मधोमध टाकलं, माझ्या शेजारी, साहूंच्या आवक-जावक काउंटरसमोर, जिथे जिल्ह्याजिल्ह्यांतून येणारा प्रत्येक माणूस आधी येऊन उभा राहतो. भिंतीचे दोन्ही कोपरे मी अशा दोघांना दिले, जे दिवसभर तिथून उठून आमच्याकडे गप्पा मारायला येत. पहिल्या दिवशी गजभियेंना टेबलापर्यंत मी हात धरून नेलं. वर त्यांच्या नावाची पाटीही करून घेतली होती. त्यांनी पाटी पाहिली, काउंटर पाहिला, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "पाटी चांगली झाली."

शिवाय स्टाफची बस. जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास. त्यांच्या शेजारची सीट मी रुमाल टाकून धरायचो.

पुढचे चार-पाच महिने त्यांच्यात होत गेलेला बदल सगळ्या हॉलने पाहिला, फक्त त्यांच्या शेजारी बसणाऱ्याने पाहिला नाही. चेहरा मातकट झाला. पत्र लिहायला घेतलं की तीन माणसं येऊन काहीतरी विचारायची, ते प्रत्येकाला नीट, उभं राहून उत्तर द्यायचे आणि परत पहिल्या ओळीपासून सुरू करायचे. संध्याकाळी बसमध्ये डोळे मिटून बसायचे आणि मी त्यांना जागं ठेवायचो, झोप लागली तर तेलीबांध्याचा स्टॉप चुकेल म्हणून. मे महिन्यात त्यांच्या हातून टँकरची दोन पत्रं अदलाबदल झाली. एका जिल्ह्याचं पत्र दुसऱ्याच्या पाकिटात. साहूंच्या लक्षात आलं म्हणून काउंटरवरच थांबली, कुणाचं पाणी अडलं नाही. पण गजभियेंनी ती दोन पाकिटं हातात घेऊन इतका वेळ पाहिली की मलाही काही बोलवेना. नोकरीतली त्यांची ती पहिली चूक होती.

आठवड्याभराने त्यांनी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. आस्थापना माझ्याकडे, म्हणून पहिल्यांदा माझ्याकडे. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज होता. कारण एकाच शब्दात, "निजी", म्हणजे खाजगी. प्रज्ञा तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, घरात कमावणारे हे एकटे, नोकरी अजून आठ-नऊ वर्षं बाकी. मी म्हटलं, "हे काय हाय?" ते म्हणाले, "पुढे पाठवा." मी तो अर्ज ड्रॉवरमध्ये घातला आणि त्यांना बाहेर नेलं.

नवा रायपूरचे रस्ते तेव्हा असे होते की सहा गाड्या शेजारी शेजारी जातील आणि तासाभरात एक जाते. दुपारची वेळ, सावली म्हणून गुडघ्याएवढी नवी झाडं. आम्ही चालत राहिलो. मी विचारायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, "पुढच्या चौकापर्यंत काही बोलू नका. मंग सांगतो." तो चौक अर्धा किलोमीटर लांब होता. मी हातातला रुमाल पिळत, ओठ चावत, कसाबसा गेलो. आयुष्यात मी सलग एवढं अंतर बोलल्याशिवाय पहिल्यांदाच चाललो असेन. चौकात पोचल्यावर त्यांचा चेहरा थोडा सैलावलेला दिसला... आणि तिथेच, ते काही बोलण्याआधीच, मला अर्धं समजलं.

"ठोंबरे, आपलं खातं पाण्याचं," ते म्हणाले. "तुमी नळावर राहणारे. लोक आले, भांडे लागले, धार सुरू, तुमी खूश. मी टाकी हाय. टाकी भरायची असन तर नळ बंद ठेवा लागते. बूढ़ापाऱ्यात दुपारी तासभर बंद राहे, तर पाच वाजेपर्यंत पुरत होतं. इथं सकाळी बसमध्येच सांडणं सुरू होते. अकरा वाजता मी रिकामा असतो. मंग पाच वाजेपर्यंत नुसतं खडखड करतो. पत्रं चुकणारच ना."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"सांगतलं होतं. कोपरा मागतला होता."

मी गप्प झालो. कुणी न सांगता गप्प झालो.

माणसाला लाज वाटली की तो एक तर हात जोडतो किंवा हातपाय हलवतो. मला दुसरं जमतं. अर्ज मी चार दिवस ड्रॉवरमध्येच ठेवला आणि त्या चार दिवसांत बोलण्याची जी काही कला देवाने मला दिली आहे ती सगळी खर्च केली. साहेबांना पटवलं, साहूंना पटवलं, कोपऱ्यातल्या एकाला मधोमध यायचं आमिष दाखवायला गेलो; त्याला ते आमिष दाखवावंही लागलं नाही, तो धावतच आला. गजभियेंचं टेबल भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात गेलं. आणि कामाची आम्ही वाटणी केली: त्यांच्याकडे येणारी माणसं मी घेणार, माझ्याकडची पत्रं ते लिहिणार. लिखाण ही माझी दुखरी जागा. दहा ओळींच्या पत्राला मला दीड दिवस लागे. ते वीस मिनिटांत असं पत्र लिहीत की वाचणाऱ्याला दुसरं पत्र पाठवून काही विचारावं लागत नसे. तरीही सवयीने कुणी ना कुणी जाऊन त्यांच्या पाठीवर थाप मारायचंच. त्यावर तोडगा त्यांनीच काढला. तळघरातून बस्त्याचं एक जुनं लाल कापड आणलं. खुर्चीच्या पाठीवर लाल कापड असलं की गजभिये ऑफिसात नाहीत असं समजायचं. काढलं की आहेत. सकाळी साडेदहा ते बारा आणि जेवणानंतरचा अर्धा तास कापड असायचं. पहिले काही दिवस हॉलमध्ये थट्टा झाली. "बाबूजी का झंडा लगा है," म्हणायचे. पण बारा वाजता कापड उतरलं की हेच गजभिये चहा घेऊन काउंटरवर यायचे, साहूंच्या छत्तीसगढी विनोदाला हसायचे, एखादा असा शेरा मारायचे की आम्ही दिवसभर तो एकमेकांना सांगायचो. या माणसाला विनोद येतो हे आम्हाला बारा वर्षांनी कळलं. पुढे पुढे दुसऱ्या शाखेतली एक अबोल मुलगीही आपल्या खुर्चीला लाल ओढणी लावू लागली. साहेबांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.

अर्जाचं काय करायचं, मी विचारलं. त्यांनी तो हातात घेतला, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवला. "असू द्या," म्हणाले. "पाटी चांगली झाली होती, ते फेकून द्या लागन नाही तर." मग ते पूर्ण वयापर्यंत नोकरीत राहिले, प्रज्ञा इंजिनिअर झाली. बसमध्ये ते पहिल्या रांगेत खिडकीशी, मी चार रांगा मागे साहूंसोबत.

माझ्यावरही त्यांनी उपचार केला, तो सांगायलाच हवा. एकदा तळघरातला माणूस सुट्टीवर गेला, तेव्हा तिथलं रेकॉर्ड लावायला मला आठवडाभर पाठवलं होतं. एकट्याला. तिसऱ्या दिवशी माझं अंग दुखायला लागलं, चौथ्या दिवशी मला ताप आल्यासारखं वाटलं. डॉक्टर म्हणाले काही नाही. गजभिये खाली आले, माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमाले माणसं नाही भेटले, म्हणून असं झालं. तुमी रोज तीन वाजता टेबलावर झोपता ते काहून, माहीत हाय? दोन ते तीन एकटे फाइल वाचता. ते नका करू. मोठ्यानं वाचून दाखवा कोणाले तरी." तेव्हापासून दुपारच्या फायली मी साहूंना वाचून दाखवतो. साहूंना त्यातलं काही नको असतं, पण मी जागा राहतो आणि खात्यातलं सगळं साहूंना पाठ आहे. बोलक्या माणसालाही थकवा येतो, फक्त तो उलट्या बाजूने येतो, हे मला त्या तळघरात कळलं.

त्यांच्या निरोप समारंभाला सूत्रसंचालन अर्थात मीच केलं. ते चार वाक्यं बोलले. घरी सोडायला गेलो तेव्हा म्हणाले, "एवढ्या लोकांनंतर मले दोन दिवस सुट्टी लागते. आता सुट्टी मागू कोणाले?"

त्यानंतर तीन वर्षं, दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता मी त्यांच्या तेलीबांध्याच्या फ्लॅटवर जात होतो. कुणी बोलावलं नव्हतं. दीड-दोन तास बसायचो. मी ऑफिसचं सगळं सांगायचो, ते ऐकायचे, मधेच एखादा प्रश्न विचारायचे, तो नेमका असायचा. पुष्पा वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहा आणून ठेवायच्या आणि आत जायच्या. कोपऱ्याबद्दल एवढं शिकलेला मी, त्यांच्या घरच्या कोपऱ्यात जाऊन दर आठवड्याला नळ सोडून बसत होतो, हे मला तीन वर्षांत एकदाही जाणवलं नाही. साहू बोलले त्या दिवशी जाणवलं. मग रात्रंदिवस तेच. आधीच माणसांनी थकणारा माणूस, त्यात मी...

गेल्या रविवारी कुंदाला घेऊन पुष्पा वहिनींकडे गेलो. सवयीने पाचलाच पोचलो. त्यांची खुर्ची खिडकीशी होती तशीच होती, मी समोरच्या सोफ्यावर माझ्या जागी बसलो. इकडचं तिकडचं झालं आणि मला राहवेना. मी विचारलंच, "वहिनी, खरं सांगा. मी येत होतो, त्यांले त्रास होत होता का?"

 वहिनी म्हणाल्या, "भाऊ, रविवारी सकाळपासून ते काही बोलतच नव्हते. फोन बंद करून ठेवत. त्यांच्या बहिणीचा फोन आला तर मले सांगत, उद्या करतो म्हण. विहारात आम्ही शनिवारीच जाऊन यायचो. दुपारी दोन तास झोपायचे. मी काही विचारलं तर असा हात करायचे, की थांब. म्हणत, संध्याकाळी ठोंबरे येणार हायेत, मले भरून राहू दे."

मी खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीकडे पाहिलं.

"तुमी गेले का आठ वाजता जेवून झोपून जायचे. थकत होते, खोटं काहून सांगू? पण तुमी एक रविवार अमरावतीले गेले होते, न सांगता. तर साडेसहापर्यंत दार उघडं ठेवून बसले. सोमवारी मले म्हणे, ठोंबऱ्यांच्या घरी फोन लावून पाहा, तब्येत तर बरी हाय ना."

परत येताना तेलीबांध्याच्या तलावापासून घरापर्यंत मी स्कूटरवर एकटाच बोलत होतो. म्हणजे त्यांना त्रास होत होता. पण तो त्रास त्यांनी दर आठवड्याला आपणहून, दिवसभर तयारी करून घेतला. ज्या माणसाकडे मोजकंच होतं त्याने सगळ्यात मोठा वाटा माझ्यासाठी बाजूला काढून ठेवला होता. माझ्यासाठी! ऑफिसात कुणासाठी ठेवला होता का एवढा? बहिणीसाठीसुद्धा नाही! मी रडतही होतो आणि खूशही होतो, सिग्नलवर शेजारचे लोक बघत होते. कुंदा मागे बसून एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, तिलाही भरून आलं असेल.

घरी आल्यावर तिने चपला काढल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "झालं तुमचं? आता मी सांगतो ते आयका. ते बाई तीन वर्षं दर रविवारी सकाळपासून मुक्या नवऱ्याजवळ बसून होती, तुमच्यासाठी. तिच्या वाट्याचं बोलणं कुठी गेलं, हे विचारलं का तुमी? पुढच्या रविवारी मी जातो तिच्याकडे, एकटी. तुमी घरीच राहा."